आजोबांची थ्री-नॉट-थ्री: पहिली जुनी लष्करी रायफल निवडताना

प्रश्न विचारणारे मूळचे सातारा जिल्ह्यातले. बारा वर्षं ओहायोत आहेत आणि नुकतंच ग्रीन कार्ड हातात पडलंय. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. आता एकच जुनी लष्करी रायफल घ्यायची आहे, जी भिंतीवर शोभेलही आणि महिन्यातून एकदा रेंजवर चालवताही येईल. मित्र म्हणतो, रशियन मोसिन घे, स्वस्तात मस्त. एक विक्रेता ‘बर्माच्या लढाईतून आलेली’ एनफील्ड, म्हणजे ब्रिटिश सैन्याची थ्री-नॉट-थ्री (.303), दाखवतोय. काय करावं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तुम्ही इशापूरची, म्हणजे कोलकात्याजवळच्या कारखान्यात बनलेली, ली-एनफील्ड नंबर 1 मार्क 3 घ्या, नळी चांगली असेल तरच. तशी मिळेपर्यंत थांबा. मोसिन आत्ता नको. आणि बर्मावाली रायफल त्या कथेसाठी तर अजिबात नको. ती घ्यायचीच झाली तर तिची नळी आणि तिच्यावरचे ठसे बघून घ्या.

कायद्याचं एकदाच बोलून घेऊ, कारण आपल्या मंडळींची इथे फार मोठी चूक होते. ग्रीन कार्ड आल्यावर तुम्ही रायफल घेऊ शकता. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरायचा, तपासणी होते. पण एच-1बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद. त्यामुळे एखादा मित्र व्हिसावर असेल, तर ‘जरा हातात धरून बघ, दोन गोळ्या मार’ हेसुद्धा करू नका. थट्टामस्करीत स्थलांतराची सगळी वाट लागू शकते. पुढे संग्रह वाढवायचा झाला तर ‘क्युरिओ अँड रेलिक’ परवाना घ्या. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या बंदुकांसाठी तो असतो. तीन वर्षांना तीस डॉलर फी आहे आणि प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद वहीत ठेवावी लागते. शिवाय राज्याराज्याचे नियम वेगळे, ते आपले आपण वाचावे.

आणि ही रायफल पुढेमागे गावी नेता येईल, हा विचार मनातून काढून टाका. भारतात .303 ही सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर, म्हणजे मनाई असलेलं नळीचं माप आहे. परवानाधारकाला मिळते ती .315. तिची यंत्रणा ली-एनफील्डच्याच घराण्यातली आहे, पण काडतूस वेगळं.

आता मुद्द्यावर येतो.

कॉलेजात असताना एनसीसीच्या परेडला आमच्या खांद्यावर डीपी रायफली असायच्या. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. रेंजवर मात्र .22 ची नंबर 2 मिळायची. फायर झाल्यावर फुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चार बाय दोनची चिंदी लावून नळी ओढायची आणि उस्तादांनी आत डोकावून ‘फिर से’ म्हटलं की पुन्हा ओढायची. नळीत बघायची सवय तिथे लागली ती आजतागायत गेलेली नाही. जुनी रायफल निवडण्याची निम्मी विद्या एवढीच आहे. पॉलिश केलेला दस्ता, चकचकीत पितळ, सोबतची संगीन हे सगळं नंतर. आधी बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा दांडा, काढायचा, मागून उजेड धरायचा आणि नळीच्या तोंडातून आत बघायचं.

बघायचं काय? आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा, धारदार दिसले पाहिजेत आणि थेट तोंडापर्यंत गेले पाहिजेत. थोडा काळपटपणा, बारीक खड्डे चालतात. माझी एक ऑस्ट्रेलियन एनफील्ड, लिथगो कारखान्याची, आतून धुराड्यासारखी काळी आहे, तरी नेमाला पक्की आहे, कारण आट्यांच्या कडा शाबूत आहेत आणि तोंड झिजलेलं नाही. तोंडाची झीज मात्र माफ करू नका. त्या फुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं तिरपी ओढली गेली की नळीचं तोंड एका बाजूने झिजतं. गोळी नळी सोडते तो शेवटचा क्षण तिथेच असतो. तिथे तिला एका बाजूने ढकलल्यासारखं झालं, तर पुढचं सगळं वाया. ओळखायची सोपी युक्ती अशी: एक सुटी गोळी, म्हणजे नुसतं शिसं-तांब्याचं टोक, भरलेलं काडतूस नव्हे, रिकाम्या रायफलीच्या तोंडात टोकाकडून अलगद ठेवायची. बरंचसं तांबं बाहेर राहिलं तर तोंड ठीक. गोळी पार आत बुडाली तर रायफल खाली ठेवा आणि विक्रेत्याचे आभार मानून निघा.

नळ्या का खराब झाल्या, हे समजलं तर निवडणं सोपं जातं. .303 च्या जुन्या काडतुसांत कॉर्डाइट नावाची दारू असायची. ती फार उष्ण जळते आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढचा भाग खाऊन टाकते. त्यात काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट. ते जळलं की मागे जो क्षार उरतो तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढून घेतो. तेल कितीही लावा, क्षार विरघळत नाही, त्याच्यावर फक्त तेलाचा थर बसतो आणि खाली गंज चालू राहतो. म्हणून त्या काळी सैन्यात नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचे. पाण्याने क्षार धुतला जातो, आणि उकळत्या पाण्याने नळी गरम झाल्यामुळे ती लगेच वाळते. मग तेल. ज्या रायफलीच्या नशिबी असा काळजी घेणारा शिपाई आला, तिची नळी ऐंशी वर्षांनीही उजळ असते. आत डोकावल्यावर त्या अनोळखी माणसाची शिस्त दिसते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

यानंतर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतुसाचा आधार यांच्यामधली जागा. .303 च्या काडतुसाला मागे कड असते, त्यामुळे मोजमाप त्या कडेच्या जाडीवर होतं. ब्रिटिश लष्कराची मर्यादा 0.064 ते 0.074 इंच. 0.074 च्या गेजवर, म्हणजे मापाच्या ठोकळ्यावर, बोल्ट बंद झाला तर ती रायफल चालवायची नाही. गेज स्वतःकडे नसेल तर बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या, पण तपासल्याशिवाय पहिली गोळी मारू नका. हे का म्हणतो? ली-एनफील्डच्या बोल्टचे कुलुपाचे दात मागच्या टोकाला आहेत. त्यामुळे बोल्ट थोडा उचलला की उघडतो, थोडा ओढला की काम होतं, आणि म्हणूनच 1914 च्या आधीचा ब्रिटिश शिपाई तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार काढू शकायचा. पण त्याच रचनेमुळे बार होताना यंत्रणा किंचित लवचिकपणे ताणली जाते, पितळेची पुंगळीही ताणली जाते. त्यातून ही पुंगळी तुम्ही पुन्हापुन्हा भरून वापरलीत की एक दिवस बुडाच्या जरा वर तुटते आणि पुढचा अर्धा भाग चेंबरमध्येच अडकून राहतो. माझ्या बाबतीत हे झालंय. इजा झाली नाही, पण तो दिवस तिथेच संपला. तेव्हापासून पुन्हा भरताना पुंगळीची फक्त मान मापात बसवून घेतो, अंग पूर्ण दाबत नाही, आणि तारेचा आकडा आत घालून भिंत पातळ झाली का ते चाचपतो.

आता इशापूर. कोलकात्याजवळची ही रायफल फॅक्टरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एनफील्ड घडवत आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या कारखान्यांनी नवी नंबर 4 काढायला घेतली, पण इशापूर आणि ऑस्ट्रेलियातलं लिथगो हे दोघे जुन्या नंबर 1 मार्क 3 लाच धरून राहिले. मग ‘आजोबांची रायफल’ म्हणायची तर भारतीय पायदळाच्या हातातली बिनचूक आठवण हीच. बोथट नाकाची, संगिनीचं बोंड पुढे आलेली. आपल्याकडे जुन्या पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच.

ठसे कुठे बघायचे? दस्ता जिथे लोखंडात शिरतो त्या कड्याच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव, मार्क आणि वर्ष. 1947 पूर्वीच्या इशापूरवर मुकुटासोबत जी.आर.आय. दिसेल. त्यातला शेवटचा आय हा ‘सम्राट’ या पदाचा. प्रजासत्ताकानंतर त्या जागी अशोकाचे सिंह आले. एकाच कारखान्यात, त्याच यंत्रांवर, त्याच धाटणीची रायफल. फक्त लोखंडावरचा शिक्का बदलला आणि देश बदलल्याचं तिथे कायमचं कोरलं गेलं. दोन्ही शिक्क्यांची एकेक रायफल शेजारी ठेवून बघा, काय वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. अनेक इशापूर रायफलींच्या पुढच्या लाकडात आडवा स्क्रू घातलेला दिसेल. तो नंतरचा जुगाड नाही. लाकूड चिरू नये म्हणून कारखान्यानेच घातलेला आहे, त्यामुळे त्याची भीती बाळगू नका. एफ.टी.आर. ही अक्षरं दिसली तर रायफल कारखान्यात परत जाऊन पूर्ण दुरुस्त होऊन आली आहे. संग्राहक नाक मुरडतात, चालवणाऱ्याने आनंद मानावा.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. डी.पी. ठसा असलेली रायफल कधीही चालवू नका, विक्रेता काहीही म्हणो. कवायतीसाठी बाजूला काढलेल्या रायफली बहुतेक वेळा कशात तरी नापास झालेल्या असतात. आणि पुढच्या भागाला तांब्याची तार गुंडाळलेली इशापूर दिसली तर ती ग्रेनेड फेकायला वापरायची होती. दिसायला देखणी, इतिहास जबरदस्त, पण तिने किती दणके खाल्लेत ते बाहेरून कळत नाही. भिंतीसाठी घ्या, रेंजसाठी नको.

नंबर जुळणं हा संग्राहकांचा आवडता विषय. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा), बोल्ट, पुढचं लाकूड, नाकाची टोपी, मागचं साइट या ठिकाणी एकच क्रमांक असावा. मी यात एका बाबतीत ठाम आहे: बोल्ट आणि रिसीव्हर जुळलेच पाहिजेत, कारण बोल्ट त्या रायफलीला बसवून घेतलेला असतो. बाकीचं जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातली खरीखुरी नोकरी अशीच असते, सुटे भाग बदलतच राहतात. लाकूड घासून नवं केलेलं असेल तर मात्र किंमत पाडून मागा. सॅंडपेपरने जे गेलं ते परत येत नाही.

मग ती बर्मावाली. बघा, एखादी विशिष्ट रायफल एखाद्या विशिष्ट लढाईत होती असं सिद्ध करणारा कागद जवळजवळ कधीच नसतो. मलाही सुरुवातीला एका विक्रेत्याने अशीच गोष्ट सांगून रायफल विकली होती. घरी आणून दिवा लावून पाहिलं तर रायफल त्या युद्धानंतर बनलेली, वर्ष लोखंडावर स्पष्ट होतं. मी गोष्ट ऐकत बसलो आणि ठसा वाचलाच नाही. म्हणून म्हणतो, विक्रेत्याच्या गोष्टीचे वेगळे पैसे देऊ नका.

खरी गोष्ट तुमच्या घरीच आहे. आजोबांचं डिस्चार्ज बुक किंवा पदकं घरी कुणाकडे तरी असतील. त्यावर सेवा क्रमांक मिळाला तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला कुटुंबीयांकडून पत्र लिहून विचारा, बटालियन कोणती होती. 1941 मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर मराठे होते, 1944 च्या मार्चमध्ये शांगशाकला जपान्यांपुढे 4थी बटालियन उभी होती, इटलीत तर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बटालियन कळली की कुठला मोर्चा, कुठलं वर्ष हे कळतं, आणि मग त्या वर्षाच्या आतबाहेरची इशापूर शोधता येते. ती त्यांचीच होती असा दावा आपण करायचा नाही, पण त्यांनी हातात धरली ती बहुधा अशीच होती, एवढं म्हणता येतं. माझ्या दृष्टीने तेवढं पुष्कळ आहे.

इशापूर म्हटलं की 2ए आणि 2ए1 पुढे येतात, तेव्हा त्यांच्याविषयी. 1962 नंतर भारताने 7.62 नाटो काडतुसासाठी त्याच धाटणीची रायफल काढली. तिचं मॅगझिन चौकोनी, आणि 2ए1 चं मागचं साइट 800 मीटरपर्यंत आखलेलं. ‘जुन्या .303 ला नवी नळी ठोकली आहे’ ही अफवा आहे. या नव्याने, अधिक चांगल्या पोलादात घडवल्या गेल्या. काडतूस सहज मिळतं, त्यामुळे नेहमी चालवायला सोयीची. मी तिच्यात फक्त लष्करी मापाचं 7.62 वापरतो, दुकानातलं जवळजवळ त्याच मापाचं जोरदार .308 नाही. लोक याच्यावर वाद घालतात, मी साठ वर्षांच्या रायफलीच्या बाजूने राहतो. पण तुमचे आजोबा महायुद्धातले. त्यांनी ही धरली नसणार.

काडतुसाचा खर्च धरूनच ठरवा. .303 आजही नव्याने बनतं, सर्बियाचं प्रवी पार्टिझान आणि चेक सेलिअर अँड बेलो सहज दिसतात. .308 पेक्षा महाग पडतं. पण टोप्या गंज न आणणाऱ्या असतात आणि पितळ पुन्हा भरता येतं. स्वस्त म्हणून कुठलीही जुनी लष्करी पेटी उचलू नका. उचललीत तर त्याच संध्याकाळी पाण्याने धुण्याची तयारी ठेवा.

मोसिनबद्दल तुमचा मित्र दहा-पंधरा वर्षांपूर्वी अगदी बरोबर ठरला असता. तेव्हा शंभर डॉलरच्या आत वंगणात बुडवलेली 91/30, म्हणजे मोसिनचं नेहमीचं मॉडेल, मिळायची आणि काडतुसं डब्याने. आता रशियाहून येणारा ओघ आटला, किमती चढल्या, आणि स्वस्त होती हेच तिचं मोठं बलस्थान होतं. रायफल मजबूत आहे, इतिहास प्रचंड आहे. पण बोल्ट जड, सेफ्टी ओढायला मनगट लागतं, आणि 91/30 चं साइट संगीन लावून जुळवलेलं, त्यामुळे बिनसंगिनीची गोळी भलतीकडे जाते. मोसिनच घ्यायची तर फिनलंडची एम39 बघा. फिन्नांनी रशियन रिसीव्हरवर स्वतःच्या चांगल्या नळ्या बसवल्या, फरक पहिल्या पाच गोळ्यांत कळतो.

नेमकेपणाच हवा असेल, आजोबांचा धागा बाजूला ठेवून, तर स्विस के31 आणि स्वीडिश एम96 यांना तोड नाही. के31 चा बोल्ट सरळ मागे ओढायचा, वर उचलायचा नाही. कधीकधी दस्त्याच्या लोखंडी पट्टीखाली शिपायाच्या नावाची चिठ्ठी सापडते. एम96 च्या दस्त्यावर पितळी चकती असते, तिच्यावर नळीची अवस्था नोंदलेली. जर्मन 98के पहिल्या खरेदीला टाळा. तिथे ठशांना किंमत आहे, आणि जिथे ठशाला किंमत तिथे खोटे ठसे येतात. अमेरिकन 1903 स्प्रिंगफील्ड दिसली तर क्रमांक बघा: स्प्रिंगफील्ड आर्मरीची 800,000 च्या खालची आणि रॉक आयलंडची 285,507 च्या खालची चालवू नका. त्यांच्या रिसीव्हरचं पोलाद भट्टीत नीट तापवलं गेलं नव्हतं, काही फुटलेत.

चांगल्या नळीची इशापूर वर्षभर शोधूनही मिळाली नाही, तर सॅव्हेज किंवा कॅनडातल्या लाँग ब्रांचची नंबर 4 घ्या. सॅव्हेजवर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मित्रराष्ट्रांना शस्त्रं पुरवली त्या ‘लेंड-लीज’ योजनेतली ती. तिचं मागचं साइट भोकाचं आहे, चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना ते नंबर 1 च्या खाचेपेक्षा फार सोपं जातं. तुम्ही ओहायोत आहात, म्हणजे एरी सरोवराकाठचं कॅम्प पेरी गाडीच्या अंतरावर. तिथे सीएमपी (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम) या नेमबाजी संस्थेच्या जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धा होतात, दोनशे यार्डांवर. नवख्यालाही सामावून घेतात. दोन रायफलींतली कुठली आपल्याला जमते ते तिथे आलेल्यांशी बोलून कळेल, बहुतेक जण आपली हातात देऊन दाखवतात.

पहिल्या दिवशी रेंजवर: मॅगझिनमध्ये एकेक काडतूस भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असली पाहिजे, नाहीतर बोल्ट अडतो आणि माणूस रायफलीला दोष देतो. नंबर 1 चं साइट दोनशे यार्डांच्या खाली येत नाही, म्हणून शंभरावर गोळ्या वर लागतील. खालच्या बाजूला नेम धरा, साइटची पुढची माशी तासू नका. गोळी 174 ग्रेनची सपाट बुडाची वापरून बघा. झिजलेल्या नळ्यांना नौकेसारख्या बुडाची गोळी सहसा मानवत नाही. बोल्ट पुढे ढकलतानाच स्प्रिंग ताणली जाते, सुरुवातीला जड वाटेल. खांद्यावरून खाली न आणता झटक्याने ढकला, दोन मॅगझिनमध्ये लय येते.

त्या विक्रेत्याला उद्या एवढंच लिहा: दस्त्याच्या कड्याच्या उजव्या बाजूचा, बोल्टच्या दांड्यावरच्या क्रमांकाचा, रिसीव्हरवरच्या क्रमांकाचा आणि नळीच्या तोंडाचा असे चार फोटो, उजेडात काढलेले, पाठवा. डी.पी. ठसा कुठे आहे का तेही विचारा. फोटो आले की मला दाखवा. आले नाहीत, तर त्याने उत्तर दिलंच आहे.